धाकट्या जावेच्या कोंबड्या

१२ ऑक्टोबर, शनिवार

बियाण्यांच्या दुकानदाराने ही डायरी दिली. वर्ष संपत आल्यावर दिली, म्हणजे उरलेलीच असणार. म्हणाला, "माई फराई, बागेची नोंद ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात कामाला येईल." लेकाच्या नावाने, फराईची आई म्हणून, हाक मारतो. तर ही नोंद. टोमॅटोची रोपं वाफ्यात लावली. कोव्होच्या भाजीच्या पानांवर मावा पडलाय, राख शिंपडली. भोपळ्याचे वेल कुंपणाकडे वळवले. नळाला पाणी नाही, विहिरीचं शेंदलं. माती तव्यासारखी तापते.

आणखी एक नोंद. शुवाई आली, हरारेहून, कायमची. माझ्या धाकट्या दिराची, एनॉकची बायको. बिचारा एनॉक गेल्या ईस्टरनंतर गेला. अंगणाच्या मागच्या दोन खोल्या तिला द्यायच्या असं सासूबाईंनी ठरवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, पण विचारायला काय हरकत होती?

लोक येताना पलंग आणतात, कपाट आणतात. हिने टोपलीत नागड्या मानेच्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. मागून तिची लेक रुटेंडो, डोक्यावर गादी. धाकटी जाऊ म्हणून ती माझी माइनीनी, मी थोरली म्हणून तिची माइगुरू. मी म्हटलं, "माइनीनी, माझ्या भाज्या आहेत हो इथे." तर म्हणाली, "तुमच्या वाफ्याला चोच लावली तर मीच तिची मान मुरगळीन, माइगुरू." गोड बोलते. शहरात शिकली असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

दोन कोंबड्या खुडूक झाल्या. शुवाईने त्यांना अंड्यांवर बसवलं. सासूबाई चर्चमधून आल्या त्या सरळ मागे गेल्या आणि तिथेच बसल्या. इतक्या वर्षांत माझ्या टोमॅटोच्या वाफ्यापाशी त्या कधी बसल्या नाहीत. टोमॅटो खातात. बसत नाहीत.

खुराडं तिने बरोब्बर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बांधलं. एवढं अंगण पडलंय. पलीकडे आंब्याची सावली आहे. पण नाही, माझ्या डोळ्यांसमोरच. मक्याच्या पिठाचा साड्झा ढवळताना मान वर केली की ती आणि तिच्या कोंबड्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

पिल्लं निघाली. काळी, पिवळी, एक चट्ट्यापट्ट्याचं. अख्खी गल्ली बघून गेली. जणू रुसापे गावात याआधी अंड्यातून कधी पिल्लूच आलं नव्हतं.

नवरा, जाइरोस, आपल्या गिरणीवरून येताना मक्याच्या कोंड्याचं पोतं घेऊन आला. मला वाटलं, माझ्या खताच्या खड्ड्यासाठी. ते खांद्यावर घेऊन सरळ मागे गेला. तेवढ्यात शुवाईची हाक, "माइगुरू! माइगुरू, जरा या ना इकडे!" गेले. तर काही नाही. पिल्लं बघा म्हणे. नवरा माझा, कोंडा माझ्या घरचा, आणि मी जाऊन तिच्या पिल्लांचं कौतुक करायचं. "छान आहेत," म्हटलं आणि परत फिरले. ती म्हणाली, "बसा ना थोडं." मी म्हटलं, "भाजी लागेल."

भाजी अजून चुलीवर चढलीही नव्हती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चर्चच्या बायकांची बैठक आटोपून आले तर मुतारेहून तेते युनिस आलेली. जाइरोसची बहीण, घरातली आत्या. तिने शब्द टाकला की अंगणातलं कुत्रंसुद्धा बसतं. म्हणाली, एनॉकच्या काठीचं ईस्टरला करू, सगळे घरी असतील.

काठी म्हणजे एनॉकची, त्याच्या बाबांकडून आलेली. वर्ष उलटलं की विधवेच्या हातात ती द्यायची. घरातल्या ज्या पुरुषाला ती देईल, त्याची ती बायको, त्याला आधीची असली तरी. कुणीच नको असेल तर आत्याला द्यायची, म्हणजे 'मी या घरची, पण एकटी राहीन.' हल्ली शिकलेल्या बायका आत्यालाच देतात म्हणे. पण पोरगी लहान, नवरा गेलेला, हाताला नोकरी नाही, अशी बाई काय करील हे मला सांगायला आत्या नको.

आणि आमच्या घरात पुरुष आहेत किती? खेड्यातले म्हातारे झ्विदझाई चुलते, ज्यांना काठी स्वतःच्या चालण्यासाठीच लागते. दुसरा जाइरोस.

तेते जाताना म्हणाली, "नेत्साई, चेहरा असा का? टोमॅटो किडले का?"

"हो," म्हटलं.

माझ्या नावाचा अर्थ 'छळा', शुवाईच्या नावाचा अर्थ 'आस धरा'. आईबापांनी विचार न करता नावं ठेवली, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मी पण पिल्लं आणली. दुकानातून, ब्रॉयलर, एक दिवसाची, भोकं पाडलेल्या खोक्यात. ख्रिसमसपर्यंत फुगतील. तिच्या गावठी कोंबड्या तोवर नुसत्या इकडून तिकडे पळत असतील.

जाइरोसने खोक्यात डोकावून पाहिलं. "तुला कोंबड्या कधीपासून आवडायला लागल्या?"

"लहानपणापासून," म्हटलं.

तो हसला. हसायचं काय त्यात?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहवत नाही, पण लिहिते. काल दिवसभर झिमझिम आणि गारठा. पिल्लांना थंडी लागू नये म्हणून मडक्यात निखारे भरून खोक्याजवळ ठेवले, खिडकी घट्ट लावून घेतली. सकाळी पाहते तर पिल्लांचा ढीग. खालची चेंगरलेली, वरची धुराने गेलेली. कोपऱ्यात चार जिवंत, चोची उघड्या.

माझं रडणं ऐकून शुवाई धावत आली. खिडकी उघडली, मडकं बाहेर ठेवलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मेलेली पिल्लं झग्याच्या घोळात गोळा करून तिनेच आंब्याखाली पुरली. मग म्हणाली, "माझी एक कोंबडी अजून मायेत आहे. तिच्या पंखाखाली ही चार सरकवू का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

३० नोव्हेंबर, शनिवार

कोंबडीने माझी पिल्लं घेतली. दुकानातली ती ढोली पांढरी पोरं त्या नागड्या मानेच्या बयेमागे डुलत फिरतात. मी दाणे टाकले तर माझ्याकडे बघून लांब पळाली. तिने एकदा 'क्लक' केलं की चारही तिच्या पोटाखाली. मी आणली, मी रडले, आणि आई ती.

आता मी कोंबडीवरही जळते. सासूबाईंना सांगितलं असतं तर हसून हसून त्यांचा उरलेला दात पडला असता.

टोमॅटोला बांबूचे आधार दिले. फुटवे खुडले. फुलं भरपूर.

८ डिसेंबर, रविवार

मी काय काय पाहते ते लिहून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की नेत्साईला वेड लागलं होतं.

एक. जाइरोस आता रविवारी दाढी दोनदा करतो. चर्चसाठी असेल. पण दुसऱ्यांदा चर्चमधून आल्यावर.

दुसरं. तो मागे गेला की शुवाई दार सताड उघडं ठेवते, मध्ये दगड लावते. मला दिसावं म्हणून. इतकी निर्लज्ज.

तिसरं. तो आला की रुटेंडोला माझ्याकडे पिटाळते. "मोठी आई, आईने बोलावलंय." मी काय मोलकरीण आहे बोलावल्यावर जायला? आज पोरगी दारात उभीच राहिली. "चला ना," म्हणाली. मी म्हटलं, "सांग आईला, मी कामात आहे." पोरगी धावत परत गेली आणि खोलीत न जाता दारातल्या दगडावर बसून राहिली. पाय हलवत.

चौथं. काल शुवाई मला म्हणाली, "माइगुरू, कोंड्याचं पोतं तुम्हीच आणत जा ना." बघा! आता मी वाहून द्यायचं. नवऱ्याने वाहिलं ते पुरलं नाही.

सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी भांडी आपटत होते. म्हणाल्या, "नेत्साई, उतू एक भांडं जातंय, तू झाकण दुसऱ्यावर ठेवतेस."

मी चुलीवर पाहिलं. काहीच उतू जात नव्हतं. म्हाताऱ्या झाल्यात.

२५ डिसेंबर, बुधवार

फराईचा दक्षिण आफ्रिकेतून फोन. येत नाही. ट्रकच्या पाळ्या आहेत. "आई, तुझे टोमॅटो कसे आहेत?" एवढं एका माणसाने तरी विचारलं.

माझ्या ब्रॉयलरपैकी एक कापली. शेंगदाण्याचं कूट घालून भोपळ्याची पानं, भात, कोंबडीचा रस्सा. सगळे अंगणात चटईवर बसलो. कोंबडीचा पेटा घरच्या कर्त्याच्या ताटात जातो, कोणत्याही सुनेला हे शिकवावं लागत नाही. त्या तुकड्याला आमच्यात 'नातेवाईक विसरायला लावणारा' म्हणतात, इतका चवीचा. मी तो जाइरोसच्या ताटात वाढला.

त्याने उचलला. क्षणभर बोटांत धरला. म्हणाला, "पिल्लं वाढवली कुणी? मान तिचा." आणि शुवाईच्या ताटात ठेवला.

रुटेंडोसुद्धा चावायची थांबली.

शुवाईने तो तुकडा असा पाहिला जसा कुणी ताटात निखारा ठेवावा. गुडघ्यावर सरकत सासूबाईंपर्यंत गेली आणि त्यांच्या ताटात ठेवला. "आई, तुमचा मुलगा चेष्टा करतो."

सासूबाई म्हणाल्या, "हो. लहानपणापासून वाईट चेष्टा करतो." आणि एका दातावर तो पेटा चघळत बसल्या, जाइरोसकडे बघत.

मी घरात जाऊन पाणी प्यायले. किती साळसूद! सगळ्यांसमोर सासूचं मनही जिंकून घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

जाइरोसने गिरणी अर्धा दिवस बंद ठेवली. गिरणी! सर्दी असली तरी बंद ठेवत नाही. तारेची जाळी आणली आणि शुवाईच्या तलंगांसाठी मोठं आवार बांधलं. माझ्या वाफ्याचं कुंपण गेल्या उन्हाळ्यापासून कललंय. तीनदा सांगितलं. मग सांगणं सोडलं.

तो शीळ वाजवत खिळे ठोकत होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा वाजवायचा ती शीळ.

शुवाई सगळा वेळ सासूबाईंच्या खोलीत त्यांचे पाय चोळत होती. माझ्या मनात आलं, बघा, याला राबवून घेते आणि स्वतः बसते.

संध्याकाळी शुवाई आणि रुटेंडो पाण्याला गेल्या. आवाराच्या दाराला कडी लावलेली होती. मी ती काढली. बस, एवढंच. हातच गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

देव आहे आणि तो माझ्याच बागेत राहतो.

कोंबड्या रस्त्यावर गेल्या नाहीत, शेजाऱ्यांकडे गेल्या नाहीत, कोल्ह्याने नेल्या नाहीत. कललेल्या कुंपणाखालून सरळ माझ्या टोमॅटोत शिरल्या. पिकायला लागलेला एकेक टोमॅटो एकेकदा चोच मारून सोडून दिलाय. कोव्होचे नुसते दांडे उभे आहेत. मातीत लोळून आळी मोडली.

शुवाई वाफ्यात बसून रडत होती. "मीच कडी नीट लावली नसेल. माइगुरू, तुमचं सोनं गेलं." दिवसभर माझ्यासोबत माती सारखी केली, आधार पुन्हा ठोकले. संध्याकाळी तिची सगळ्यात चांगली चट्ट्यापट्ट्याची तलंग पाय बांधून घेऊन आली. नुकसानाची भरपाई. गुडघे टेकून दोन्ही हातांनी पुढे केली.

मी घेतली. "नको" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण "नको" म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. टोमॅटोने पुन्हा फळ धरलं, उशिरा, पण लालबुंद. नुसती माती हलली म्हणून की काय, की त्या लोळताना शिटल्या म्हणून. शुवाई म्हणाली, "कोंबड्यांनी दंड भरला." मला हसू आलं. मग आठवलं की मला तिच्याबरोबर हसायचं नाहीये.

तलंग माझ्यामागे फिरते. दारात बसते. तिला अजून नाव ठेवलं नाही.

२२ मार्च, शनिवार

माझ्या तलंगीने पहिलं अंडं दिलं. लहान, कवचावर रक्ताची रेघ. मी ते घेऊन कुणाला दाखवायला धावले? शुवाईला. अर्ध्या अंगणात गेल्यावर पाय थांबले, पण तिने पाहिलं होतं. तिने टाळ्या वाजवल्या, अशा, ओंजळीत, जशा मोठ्यांपुढे वाजवतात.

जाइरोसने नवा पांढरा शर्ट शिवून आणला. ईस्टरसाठी म्हणाला. मागच्या ईस्टरला जुनाच घातला होता.

मी शर्टाला इस्त्री केली. दुसऱ्या कुणी का करावी?

१९ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

सगळं सावकाश लिहायचंय.

अंगण भरलेलं. बायका चटयांवर, पुरुष बाकावर. झ्विदझाई चुलते, त्यांच्या शेजारी जाइरोस, पांढऱ्या शर्टात. शुवाईने काळे कपडे उतरवलेले, अंगावर साधा निळा झगा. तेतेने तिच्या हातात एनॉकची काठी दिली. "मुली, घर तुझं आहे. बघ आणि दे."

झ्विदझाई चुलते ओरडले, "इकडे दे गं! मला दात नाहीत, मी चावायचा नाही!"

सगळे हसले. तेते म्हणाली, "तुम्ही आधी उठून तर दाखवा." आणखी हशा. मी हसले नाही. मी चटईची काडी कुरतडत होते.

शुवाई उठली. बाकाच्या दिशेने निघाली. मी मनात म्हटलं, झालं. हेच होणार होतं, मी ऑक्टोबरपासून सांगत होते.

आणि तेव्हा मी तिच्याकडे बघायचं सोडून जाइरोसकडे पाहिलं. का कोण जाणे. इतके महिने मी तिच्याकडेच बघत होते.

त्याचा हात उठलेला होता. गुडघ्यावरून थोडासा वर, पंजा उघडा.

ती बाकासमोरून गेली. थांबली नाही. मान खाली घालून थेट तेतेपर्यंत आली, गुडघे टेकले आणि काठी तिच्या ओंजळीत ठेवली. बायकांनी असा काही जल्लोष केला की खुराड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. सासूबाई टाळ्या पिटत होत्या. जाइरोसने त्या उठलेल्या हाताने हनुवटी खाजवली. बराच वेळ खाजवली.

सुटले, असं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण लगेच दुसरंच काहीतरी वर आलं: का गं बाई? काय वाईट आहे माझ्या नवऱ्यात? गिरणी आहे, दारू पीत नाही, अंगावर हात टाकत नाही. तुला नको, एवढा का तो टाकाऊ? मी तिथे चटईवर बसून माझ्याच सवतीच्या न येण्यावर चिडले होते.

दुपारी नळाशी ताटं घासताना आम्ही दोघीच होतो. शुवाई हळूच म्हणाली, "माइगुरू, रागावलात?"

"हो."

"कशाबद्दल?"

"माझ्या नवऱ्याला नाही म्हणालीस म्हणून."

तिच्या हातातलं ताट घसरलं. माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि मीही, दोघी फेसाच्या हातांनी तोंड दाबून हसलो. सासूबाई आतून ओरडल्या, "मयताचं कार्य आहे, लग्नाचं नाही!" त्यावर तर आणखीच.

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. हसण्याचे की कसले ते मला कळलं नाही. म्हणाली, "मी तुम्हाला किती हाका मारायचे. तुम्ही यायच्याच नाहीत."

"मला वाटायचं, कोंबड्या दाखवायला बोलावतेस."

"कोंबड्यांत दाखवण्यासारखं काय असतं, माइगुरू?"

मी ताट विसळलं. पुन्हा विसळलं. दारातला दगड, त्यावर पाय हलवत बसलेली पोरगी, माझ्या खिडकीसमोरचं खुराडं, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं आणि पाणी वाहत राहिलं. तिनेच नळ बंद केला.

मग मी तिला कडीचं सांगितलं. ती म्हणाली, "तलंग परत देऊ नका हं. ती तुमची झाली."

संध्याकाळी पाहुणे गेले. जाइरोस नव्या शर्टातच जेवायला बसला. मी वाढलं: साड्झा, कोव्हो, वाफ्यातल्या टोमॅटोचा रस्सा. पाण्याचं भांडं हात धुवायला पुढे केलं. त्याने हात धुतले. मी तिथेच बसले. एरवी मी वाढून आत जाते.

"फराईचे बाबा, तुम्हाला हवी होती ती?"

तो घास मळत राहिला. "रीत असते. भावाचं घर उघडं पडू नये म्हणून माणसाने तयार असावं."

"मी रीत नाही विचारली."

त्याने घास रश्श्यात बुडवला. खाल्ला. दुसरा घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आज मीठ फार झालंय," म्हणाला.

मी रस्सा चाखून पाहिला. दिवसभराच्या गडबडीत मीठ घालायचं मी विसरलेच होते.